घराण्याचा आजार आणि वैद्याची नजर

माणसाच्या चालीवरून त्याच्या वर्तनाची परीक्षा करण्याची सवय समाजाला फार जुनी आहे. ताठ चालणारा मनुष्य सरळ, घाईघाईने चालणारा उतावळा आणि झोकांड्या खात जाणारा दारूबाज, असे निर्णय ओट्यावर बसल्या बसल्या देऊन लोक मोकळे होतात. ह्यांपैकी पहिले दोन निर्णय चुकले तरी फारसे बिघडत नाही. तिसरा चुकला, तर एका निरपराध माणसाची अब्रू जाते. आणि त्याचा आजार इलाज होण्यासारखा असेल, तर इलाजाची वेळही निघून जाते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील माधवगंजासारख्या जुन्या वस्तीत हा धोका अधिक असतो. कारण तेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आणि ओळखीच्या माणसाविषयी मत बनवावयास वेळ लागत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी येथे स्थिरावली आणि त्या छावणीचेच लष्कर हे शहर झाले. दक्षिणेतून आलेली अनेक मराठी घराणी शिंद्यांच्या चाकरीत ग्वाल्हेरीस राहिली. ह्या घराण्यांना आपल्या वंशावळीचा अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. मूळ पुरुष कोणत्या गावचा, तो कोणाच्या पथकात होता, कोणत्या मोहिमेत पडला, हे अनेक घरांत आजही सांगितले जाते. तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. वसई आणि गोव्याकडील ख्रिस्ती कुटुंबांत हेच काम चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या करतात.

परंतु ह्या वह्यांत एक गोष्ट सहसा लिहिलेली नसते. पणजोबांची चाल चाळिशीनंतर का बिघडली, आजोबांच्या धाकट्या भावाची जीभ का जड झाली, विशीतच वारलेल्या आत्याचे हात का थरथरत होते, ह्याविषयी घरात मौन असते. पराक्रमाची वंशावळ तोंडपाठ असते, पण आजाराची वंशावळ झाकून ठेवलेली असते. मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी तर ती अधिकच झाकली जाते.

ही झाकलेली वंशावळ विश्वासाने विचारून घेणे, ती कागदावर मांडणे आणि तिच्यावरून रोगाचे स्वरूप ओळखणे, हे कार्य मुंबईत ज्यांनी अनेक वर्षे केले, त्यांत डॉ. नोशीर होरमसजी वाडिया यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९२५ साली सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये मज्जाविकारशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि १९५७ साली त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व त्याला जोडलेल्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा स्वतंत्र विभाग उभा केला. पुढे जसलोक रुग्णालयातही त्यांनी दीर्घकाळ काम केले. २०१२ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले, आणि २०१६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे काम समजून घ्यावयाचे, तर आपले शरीर हालचाल कसे करते हे थोडक्यात पाहावे लागेल. पाण्याने भरलेला तांब्या उचलून ओठांशी नेणे ही क्रिया किती साधी वाटते! पण तिच्यासाठी मेंदूच्या अनेक भागांना एकाच वेळी राबावे लागते. मोठा मेंदू हुकूम सोडतो. त्याच्या पोटात खोलवर असलेले पेशींचे काही पुंजके त्या हालचालीची सुरुवात, तिचा जोर आणि तिचा शेवट सांभाळतात. डोक्याच्या मागच्या बाजूस असलेला लहान मेंदू तोल आणि ताळमेळ राखतो. हात तांब्यापर्यंत नेमका जावा, अलीकडे थांबू नये आणि पुढेही जाऊ नये, ही त्याची जबाबदारी. खोलवरच्या पुंजक्यांत बिघाड झाला, की कंप, ताठरपणा किंवा नको असलेल्या हालचाली सुरू होतात. लहान मेंदू झिजू लागला, की पाय फाकून चालावे लागते, झोक जातो, घास तोंडाजवळ येताना हात हेलकावतो आणि बोलणे अडखळते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला हे सर्व आजार एकसारखेच दिसतात. वैद्याला मात्र ते निराळे करावे लागतात. कारण ह्या निवडीवर रोग्याचे भवितव्य अवलंबून असते.

ह्यांतील काही आजार रक्तातून, म्हणजे आनुवंशिकतेने येतात. आनुवंशिकतेचा मूळ नियम ज्याने प्रथम मांडला, तो ग्रेगोर मेंडेल हा ब्रुनो शहरातील ऑगस्टिनियन मठात राहणारा धर्मगुरू होता. मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून, त्यांची पिढी-दर-पिढी मोजदाद करून त्याने आपले निष्कर्ष १८६५ साली वाचून दाखविले आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. १९०० सालापर्यंत कोणी त्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याने दाखवून दिले, की प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. काही गुण एका अंशानेही प्रकट होतात. काही गुणांस दोन्ही अंश लागतात. वाटाण्याच्या रंगाला लागू पडणारा हा नियम माणसाच्या मेंदूच्या आजारांनाही लागू पडतो. डॉ. वाडियांच्या संशोधनात ह्या दोन्ही प्रकारांची उदाहरणे आहेत, आणि योगायोग असा, की दोन्ही आजारांची खूण रोग्याच्या डोळ्यांत सापडते.

पहिला आजार विल्सनचा. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. आपल्या अन्नात तांब्याचा सूक्ष्म अंश असतो; शरीर आपल्या गरजेपुरता ठेवून घेते आणि उरलेला यकृतामार्फत पित्तातून बाहेर टाकते. ह्या आजारात ते बाहेर टाकण्याचे काम बिघडलेले असते. तांबे प्रथम यकृतात साठते, मग मेंदूत. बारा-पंधरा वर्षांचा चांगला मुलगा असतो. त्याचे अक्षर बिघडू लागते, बोलणे अस्पष्ट होते, तोंडातून लाळ गळते, हात कापतो, स्वभाव चिडखोर होतो. शाळेत त्याला आळशी म्हणून बोल लागतात आणि घरी कोणी दृष्ट काढते. डोळ्याच्या काळ्या भागाच्या कडेला मात्र, नीट पाहिले असता, तपकिरी किंवा हिरवट सोनेरी छटेचे एक वलय दिसते. ते वलय साठलेल्या तांब्याचे असते. विसाव्या शतकाच्या आरंभी कायझर आणि फ्लायशर ह्या दोन जर्मन वैद्यांनी ते नोंदविले, आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. नुसत्या डोळ्यांना ते नेहमी दिसतेच असे नाही. नेत्रवैद्याच्या विशेष दिव्याखाली ते शोधावे लागते, आणि जोडीला रक्ताची व लघवीची तपासणीही करावी लागते.

हा आजार भारतात विरळा आहे, अशी समजूत असणे स्वाभाविक होते. कारण जो शोधलाच जात नाही, तो विरळाच वाटतो. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. दाराब दस्तूर, त्यांचे सहकारी मंघाणी आणि डॉ. वाडिया यांनी १९६८ साली सोळा भारतीय कुटुंबांतील ह्या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोगी कोणत्या प्रदेशांतले, त्यांच्या आईबापांचे नाते काय, कोणत्या भावंडांस लक्षणे आहेत, ह्याची पद्धतशीर मांडणी त्यांनी केली.

विल्सनचा आजार दोन्ही अंश सदोष असल्यावाचून होत नाही. म्हणून आई आणि बाप दोघेही ठणठणीत असतात, आणि 'आमच्या घरात असे कोणालाच नव्हते' हे त्यांचे म्हणणे खरेच असते. प्रत्येकाजवळ एक सदोष अंश लपलेला असतो. तो दोन्हीकडून एकाच मुलात आला, की आजार होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास आजाराचा संभव चारात एक इतका असतो. एकाच रक्ताच्या माणसांत तोच लपलेला अंश असण्याचा संभव अधिक, म्हणून जेथे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तेथे असे आजार अधिक दिसावेत ह्यात नवल नाही.

आता ह्या आजाराची मोठी गोष्ट ही, की त्यावर इलाज आहे. १९५६ साली इंग्लंडमधील डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलॅमीन ह्या औषधाने शरीरातील तांबे लघवीवाटे बाहेर काढता येते हे दाखविले. पुढे इतर औषधे आली. जस्ताचे क्षारही उपयोगी ठरले. औषध जन्मभर घ्यावे लागते, आहारात पथ्य पाळावे लागते. आणि आपल्याकडे मोठ्या आवडीने तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी पितात, ते अशा रोग्याने टाळावे लागते. पण वेळेवर ओळख पटली, तर तो मुलगा शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. वेळ गेली, तर यकृत आणि मेंदू यांचे झालेले नुकसान पुरतेपणी भरून येत नाही. ज्या घरात एक मूल ह्या आजाराचे निघाले, तेथे त्याच्या सख्ख्या भावंडांची, ती धडधाकट दिसत असली तरी, तपासणी तत्काळ करावयास हवी. लक्षणे दिसण्यापूर्वीच औषध सुरू केले, तर ती टाळता येतात. असे असूनही पहिल्याच मुलाचा आजार नातेवाइकांपासून लपविला जातो, आणि त्या लपवालपवीची किंमत धाकटी भावंडे देतात.

दुसरा आजार निराळ्या स्वभावाचा. लहान मेंदूच्या झिजेमुळे तोल जाणारे आनुवंशिक विकार वैद्यांस एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. जर्मनीतील फ्रीड्राइश यांनी १८६३ पासून त्यांतील एकाचे वर्णन केले होते. पण ह्या विकारांची मोठी गर्दी झाली होती. कोणता कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, ह्यावर एकमत नव्हते. जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र घेण्याचे यंत्र तेव्हा नव्हते; संगणकाच्या साहाय्याने डोक्याचे छायाचित्र घेण्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये रोग्यावर झाला तो १९७१ च्या ऑक्टोबरात. वैद्याजवळ होते ते एवढेच: हातोडी, सुई, लहानसा दिवा आणि स्वतःची नजर.

त्याच १९७१ साली डॉ. वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांचा एक लेख इंग्लंडच्या 'ब्रेन' ह्या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. त्यात नऊ भारतीय कुटुंबांची हकीकत होती. ह्या कुटुंबांतील रोग्यांचा तोल जात असे, बोलणे अडखळत असे. तेवढ्यापुरते ते इतरांसारखेच होते. पण त्यांच्या डोळ्यांच्या हालचालीत एक विशेष होता, आणि तो ह्या दोघा वैद्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

निरोगी माणूस एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहतो, तेव्हा त्याचा डोळा सावकाश सरकत जात नाही. तो झेप घेतो. अशी झेप सामान्यतः सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पुरी होते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचे डोळे समोरून निरखावेत. ते ओळीवरून घसरत नसून लहान लहान उड्या मारीत जात असतात, असे आढळेल. ह्या नऊ कुटुंबांतील रोग्यांत ती झेपच नाहीशी झाली होती. वैद्याने आपली दोन बोटे दोन बाजूंस धरावी, 'आता ह्या बोटाकडे पाहा, आता त्या' असे सांगावे, आणि रोग्याची बुबुळे गोगलगाईसारखी हळूहळू सरकत जावीत, असे दृश्य होते. तोल जाण्याच्या इतर अनेक आजारांत बुबुळे थरथरतात. येथे ती मंदावली होती. ओळ वाचावयाची किंवा बाजूने येणारी गाडी पाहावयाची, तर अशा रोग्याला डोळ्यांच्या मदतीस सारी मान वळवावी लागते.

ह्या लक्षणाचे कारण मेंदूच्या देठात असते. तेथे, 'पूल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, डोळ्यांना झेपेचा हुकूम देणाऱ्या पेशी आहेत. त्या मंदावल्या, की डोळाही मंदावतो. ज्या अर्थी नऊ निरनिराळ्या कुटुंबांत हे लक्षण तोल जाण्याबरोबर पिढी-दर-पिढी उतरत आले आहे, त्या अर्थी हा स्वतंत्र आजार मानला पाहिजे, असे वाडिया आणि स्वामी यांनी मांडले. त्या काळी रक्ताच्या थेंबातून हे सिद्ध करण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. आधार होता तो निरीक्षणाचा आणि घराघरांतून विचारून उभ्या केलेल्या वंशावळींचा.

त्याच वर्षी डोळे येण्याची मोठी साथ देशात पसरली होती. त्या साथीनंतर काही रोग्यांच्या पायांतले बळ गेले, आणि ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे हे ओळखून जगापुढे मांडणाऱ्यांतही डॉ. वाडिया व त्यांचे सहकारी होते. हा आजार विषाणूचा, आनुवंशिक नव्हे. पण कोणती तक्रार कोणत्या तक्रारीस जोडलेली आहे, हे पाहण्याची त्यांची हातोटी येथेही दिसून येते.

नऊ कुटुंबांच्या निष्कर्षाला पुरावा मिळावयास पंचवीस वर्षे लागली. क्युबा बेटाच्या पूर्वेकडील ओल्गिन प्रांतात तोल जाण्याचा एक आनुवंशिक आजार फार मोठ्या प्रमाणावर आहे. तेथील कुटुंबांच्या अभ्यासातून १९९३ साली ह्या आजाराचा दोष मनुष्याच्या बाराव्या गुणसूत्रावर आहे असे निश्चित झाले, आणि १९९६ साली तीन निरनिराळ्या संशोधकगटांनी ते सदोष जनुक शोधून काढले. ह्या आजारातही डोळ्यांची झेप मंदावते. १९९८ साली डॉ. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच 'ब्रेन'मध्ये सहा भारतीय वंशावळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या कुटुंबांत तेच जनुक सदोष आढळले होते, आणि मंदावलेल्या दृष्टीचे निदानातील महत्त्व त्यात पुन्हा ठसविलेले होते. मुंबईच्या रुग्णालयात दोन बोटे हलवून ओळखलेली गोष्ट रक्ताच्या थेंबानेही सांगितली. त्या वेळी वाडिया त्र्याहत्तर वर्षांचे होते. वैद्यक आता ह्या आजारास दुसऱ्या क्रमांकाचा मेरुमस्तिष्क विकार म्हणते, आणि भारतात आढळणाऱ्या अशा विकारांत त्याचे प्रमाण मोठे आहे.

ह्या जनुकातील दोष चमत्कारिक आहे. आनुवंशिक लिपीत तीन अक्षरांचा एक शब्द एकापुढे एक असा पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो बहुधा बावीस वेळा असतो. तेहतीस किंवा त्याहून अधिक वेळा झाला, की आजाराचा धोका उभा राहतो. फळ्यावरच्या ओळीत एकच शब्द पुष्कळ वेळा लिहिला असेल, तर उतरवून घेणाऱ्या मुलाची मोजणी चुकते आणि एखाददुसरा शब्द जास्त पडतो. तसेच काहीसे पिढी बदलताना घडते. शब्द जितके अधिक, तितका आजार लवकर. म्हणून आजोबांस पन्नाशीत झालेला आजार मुलास पस्तिशीत आणि नातवास विशीत होतो, असे काही घराण्यांत दिसते. पूर्वी लोक ह्यास शाप म्हणत, आणि पिढीगणिक शाप वाढत जातो असे मानीत. निरीक्षण बरोबर होते. कारण मात्र निराळे निघाले.

विल्सनच्या आजाराप्रमाणे येथे दोन अंश लागत नाहीत. एकच सदोष अंश पुरतो. त्यामुळे रोग्याच्या प्रत्येक अपत्यास धोका दोनात एक, म्हणजे नाणेफेकीइतका. थोरल्यास झाला म्हणून धाकटा सुटला असे नाही, आणि थोरला सुटला म्हणून धाकट्यावर आला असेही नाही. प्रत्येकाचे नाणे स्वतंत्र. मुलगा आणि मुलगी असा भेदही येथे नाही. सुनेच्या पायगुणाने घरात आजार आला, असे म्हणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

असे आजार सर्व समाजांत असतात, फक्त कोठे एक, कोठे दुसरा. उत्तर भारतातील अग्रवाल समाजात हातांच्या कंपाने सुरू होणारा, बाराव्या क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा असाच एक विकार संशोधकांस आढळला आहे. कोणा एका पूर्वजाकडून तो पुढील पिढ्यांत आला असावा असे रक्ततपासणीवरून दिसते. दिल्लीतील वैद्यांनी आणि जनुकशास्त्रज्ञांनी त्याचा चांगला अभ्यास केला आहे. ह्यात त्या समाजाला कमीपणा मुळीच नाही. जो समाज आपल्यातच सोयरीक करतो, त्याच्यात एखाद्या पूर्वजाचा गुण जसा टिकतो, तसा एखादा दोषही टिकतो. परमुलखात येऊन मोजक्या घरांत लग्ने जमविणाऱ्या कोणत्याही समाजाला, मग तो ग्वाल्हेरचा मराठी समाज का असेना, हा नियम लागू आहे.

येथे एक प्रश्न कोणीही विचारील, आणि तो योग्य आहे. विल्सनच्या आजारास औषध आहे, म्हणून त्याचे नाव कळणे उपयोगाचे. पण तोल जाण्याच्या ह्या आजारांची झीज थांबविणारे औषध आजही हाती नाही, मग त्याचे नाव कळून काय मिळावयाचे? ह्याचे पहिले उत्तर असे, की नाव कळल्यावाचून निवड होत नाही. तोल जाण्याची काही कारणे, जसे काही जीवनसत्त्वांची उणीव किंवा गलग्रंथीचा मंदपणा, बरी करता येतात. ती आधी बाजूला काढावी लागतात. दुसरे, औषध नसले तरी सांभाळ असतो. नियमित व्यायामाने चाल अधिक काळ टिकते, बोलण्याच्या सरावाने शब्द कळण्याजोगे राहतात, आणि गिळताना घ्यावयाची काळजी शिकविली, तर घास श्वासनलिकेत जाण्याचे संकट टळू शकते. घरात धरावयास कठडा आणि न्हाणीघरात न घसरणारी फरशी, एवढ्यानेही हाड मोडणे वाचते. तिसरे उत्तर सर्वांत मोठे: नाव कळले, की दारूबाज हा शिक्का पुसला जातो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकारांचा समावेश झाला आहे. पण कायद्याचा आधारही नाव कळलेल्या आजारालाच मिळतो.

औषधाचा शोधही रोग्यांच्या कुटुंबांनी दार उघडल्यावाचून लागत नाही. हंटिंग्टनचा विकार ह्या नावाचा, नको असलेल्या हालचालींचा एक असाध्य आजार आहे. अमेरिकेतील नॅन्सी वेक्सलर ह्या विदुषीची आई त्या आजाराने गेली, आणि तोच धोका नाणेफेकीच्या प्रमाणात लेकीच्याही पुढे उभा राहिला. १९७९ पासून ती व तिचे सहकारी व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराच्या काठच्या गरीब वस्त्यांत जाऊ लागले, कारण तेथे हा आजार असलेली फार मोठी घराणी होती. तेथील लोकांनी आपल्या वंशावळी सांगितल्या, आपले रक्त दिले. त्यांतून १९८३ साली आजाराचे स्थान चौथ्या गुणसूत्रावर सापडले आणि १९९३ साली जनुक हाती आले. २०२० साली वेक्सलर यांनी स्वतःलाही तो आजार असल्याचे उघडपणे सांगितले. ज्या गोष्टीचा जगभर संकोच केला जातो, ती बोलून दाखविण्यास किती धैर्य लागत असेल, ह्याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरापुरता करून पाहावा.

ह्याचा अर्थ असा नव्हे, की प्रत्येकाने धावत जाऊन रक्ततपासणी करून घ्यावी. ज्या आजारावर इलाज आहे, त्याची तपासणी लवकर करावी, मुलांचीही करावी. ज्यावर इलाज नाही आणि जो मोठेपणी प्रकट होतो, त्याची तपासणी धडधाकट लहान मुलांवर लादू नये. ती मोठी झाल्यावर, सर्व समजून घेऊन, त्यांनी स्वतः ठरवावे. जाणून घेण्याचा हक्क जसा आहे, तसा न जाणण्याचाही आहे. तपासणीपूर्वी जाणत्या वैद्याशी बसून बोलावे. निकाल काय येऊ शकतो आणि आल्यावर काय करावयाचे, हे आधी ठरवावे. लग्नाच्या गोष्टीत मात्र दोन्ही पक्षांनी खरे बोलावे. लपविलेला आजार पुढे उघड होतोच, आणि तेव्हा आजाराहून फसवणुकीचे दुःख मोठे होते.

ह्या सर्वांच्या मुळाशी एक जुना समज आहे, तो काढून टाकल्याशिवाय घराघरांतले मौन सुटणार नाही. आजार हे पापाचे फळ आहे, असे माणसास वाटत आले आहे. कोणी ते पूर्वजन्मीचे म्हणतो, कोणी आईबापांचे. शुभवर्तमानात जन्मांध माणसाची एक कथा आहे. पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात, आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मेंडेलच्या वाटाण्यांनी आणि वाडियांच्या वंशावळींनी वेगळ्या वाटेने जाऊन तोच निर्णय दिला आहे. उतरवून घेताना एका शब्दाची मोजणी चुकली, ह्यात अपराध कोणाचाही नाही.

ग्वाल्हेरात १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. माधवगंजातील माणसाला वैद्यापर्यंतचे अंतर आज फार नाही. अंतर आहे ते घरातल्या माजघरापासून उंबरठ्यापर्यंतचे. वैद्यापुढे गेल्यावर 'घरात आणखी कोणाला असे होते काय?' हा प्रश्न येतो, आणि त्याचे खरे उत्तर एखाद्या वृद्ध आत्याजवळ किंवा काकांजवळ असते. त्यांच्यापाशी बसून ते विचारून घ्यावे: कोणाची चाल बिघडली, कितव्या वर्षी, पुढे काय झाले. एका कागदावर ते लिहावे आणि कुलवृत्तांताशेजारी ठेवावे. मूळ पुरुषाच्या तलवारीचा अभिमान नातवंडांना शोभा देतो. हा कागद कदाचित त्यांचे प्राण वाचवील. आणि रस्त्याने कोणी झोकांड्या खात येताना दिसला, तर त्याच्या चालीवरून निकाल देण्यापूर्वी त्याला हात द्यावा. एवढे करावयास वैद्य असण्याची गरज नाही.